मागच्या रांगेतला सूर

(सालवड येथे पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की संगीताच्या तासाला एक निवड होते. ज्यांचा आवाज गोड आणि उच्चार स्वच्छ, ती मुले पुढच्या रांगेत उभी राहतात. ज्यांचा सूर हलतो, ज्यांच्या घरच्या बोलीत 'ळ' नाही, जी दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या प्रांतातून आली आहेत, ती मागे जातात. एखाद्याला हलक्या आवाजात सांगितले जाते, "तू नुसते ओठ हलव." सांगणाऱ्या शिक्षकाच्या मनात दुष्टावा नसतो. कार्यक्रम चांगला व्हावा, पाहुण्यांसमोर शाळेचे नाव राहावे, एवढीच त्यांची काळजी असते. परंतु ते मूल घरी जाताना एक समजूत बरोबर घेऊन जाते. या समूहात उभे राहायला आपल्याला जागा आहे, आपल्या आवाजाला मात्र नाही, ही ती समजूत. ती गाण्यापुरती राहत नाही. वर्गात शंका विचारताना, मित्रमंडळींत मत मांडताना, पुढे ग्रामसभेत बोलायची वेळ आल्यावरही ते ओठच हलवत राहते.

हा विषय सालवडमध्ये मांडण्याला कारण आहे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत विस्तारली आणि बोईसर, सालवड, पास्थळ या गावांचे रूप पालटले. शेती, बागायत आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात, राजस्थान अशा अनेक प्रांतांतून कामगार कुटुंबे आली. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि मुंबई आणखी जवळ आली. आज येथील एखाद्या वर्गात पाहिले, तर एका बाकावर मांगेल्यांच्या घरातील मूल, त्याच्या शेजारी भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराची मुलगी, मागे पाड्यावरून चालत आलेला वारली मुलगा, आणि कोपऱ्यात कमी ऐकू येणारे किंवा कमी दिसणारे एखादे लेकरू, असे चित्र असू शकते. घरी चार भाषा आणि शाळेत एक. मधल्या सुट्टीत गट आपोआप पडतात. कुणी ते पाडत नाही, पण कुणी ते जोडतही नाही.

समरसता हा शब्द व्यासपीठावरून पुष्कळदा उच्चारला जातो. त्याची खरी परीक्षा अशा वर्गात होते. परस्परांचे दुःख जाणणे आणि 'हा समूह माझा आहे' असे प्रत्येकाला वाटणे, या दोन गोष्टी उपदेशाने येत नाहीत, सवयीने येतात. ती सवय लावण्याचे एक सोपे, स्वस्त आणि आनंदाचे साधन शाळेच्या वेळापत्रकातच आहे. ते म्हणजे संगीताचा तास. अट एकच, त्या तासाचे दार सर्वांसाठी उघडे हवे आणि आत आलेल्या प्रत्येकाच्या हाताला काम हवे.

दिंडीचा धडा

हा विचार बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. आषाढीच्या वाटेवर चालणारी दिंडी पाहावी. तेथे गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग नसतात. विणेकरी असतो, मृदंगी असतो, आणि बाकी सारे टाळकरी. ज्याचा गळा साधा आहे, त्याच्याही हातात टाळ असतो. त्याचा सूर कमी पडला तर शेजारच्याचा सूर त्याला सांभाळून घेतो; त्याची लय चुकली तर पायांची चाल ती दुरुस्त करते. शतकानुशतके महाराष्ट्रातील निरक्षर माणूस याच पद्धतीने अभंग शिकला. संगीतशिक्षणाची इतकी मोठी आणि इतकी मोकळी शाळा जगात क्वचितच असेल.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ज्या चोखोबांचे अभंग वारकऱ्यांच्या ओठी होते, त्या चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांचे शब्द आत गेले आणि माणूस पायरीशी राहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गाणे एकत्र गायले म्हणजे समाज आपोआप एक होतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. गाण्याबरोबर दारही उघडावे लागते, आणि ते कुणाला तरी जाणीवपूर्वक उघडावे लागते.

विष्णुबुवांचे कार्य

संगीताच्या क्षेत्रात हे दार उघडणाऱ्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट बंद झाली, तेव्हा ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर भारतीय संगीतशिक्षणाचा हा थोर प्रवर्तक एक दिव्यांग विद्यार्थी होता. त्या काळी त्याला गुरू लाभला नसता, तर आपण काय गमावले असते याचा विचार करावा.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारता उत्तर मिळाले ते असे, की ते तर गवई! गायकाची कला हवी, गायक पंक्तीत नको, असा तो काळ होता. हा अपमान विष्णुबुवांच्या जिव्हारी लागला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि संगीताला व संगीतकाराला समाजात मान मिळवून देण्याचे व्रत घेतले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयावर किंवा एखाद्या घराण्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता लोकांच्या पाठबळावर चालणारी ती संस्था होती. मुलांना शिकता यावे म्हणून त्यांनी 'संगीत बालप्रकाश' सारखी क्रमिक पुस्तके लिहिली, स्वरलिपी तयार केली. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. १९३१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गावोगावची मुले आज 'प्रारंभिक' पासून 'विशारद' पर्यंत ज्या परीक्षा देतात, त्यांचे मूळ या कार्यात आहे.

त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे. बाळकृष्णबुवांची विद्या ग्वाल्हेरची. तिचे मूळ हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्यापाशी जाते. विष्णुबुवांच्या पाठीमागे जो तानपुरा झंकारत असे, तसे तानपुरे मिरजेत शिकलगार कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या घडविले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. स्वर घडतो तेव्हा त्यात किती घरांचे हात असतात, हे मुलांना सांगण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

अंगणात गेलेली शाळा

विष्णुबुवांनी दार उघडले. परंतु काही मुले उघड्या दारापर्यंतही येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी काय करायचे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. त्यापूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीचे दार सर्वांना खुले होते, तरी दलित वस्तीतील मुले येईनात. घरची गरिबी, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम आणि मनातला संकोच अशी कारणे होती. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथे आकाराला आली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' भरू लागली.

ताराबाईंनी मादाम माँटेसरींची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, बांबू असे परिसरातील साहित्य त्यांनी वापरले. गाणे, गोष्ट आणि नाच हा त्या शिक्षणाचा प्राण होता. शाळेच्या साच्यात मूल बसवण्यापेक्षा मुलाच्या आयुष्यात शाळा बसवावी, हा त्या कार्याचा गाभा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान झाले, हे योग्यच. पण त्यांचा धडा आपल्या शाळांनी किती गिरवला, हा प्रश्न उरतोच.

तारपा आणि तानपुरा

संगीताच्या तासाला हा धडा लागू करून पाहू. आपल्या परिसरातील पाड्यांवर भात कापणीच्या दिवसांत तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाशीचे मेण, एवढ्यावर हे वाद्य तयार होते. वादक श्वास न तोडता दीर्घकाळ वाजवतो. प्रत्येक नाचाची चाल वेगळी. चाल बदलली की पायांची गती बदलते. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून तारप्याभोवती फेर धरतात आणि तारप्याकडे पाठ होऊ देत नाहीत. मधोमध स्वर, त्याभोवती सारा समाज. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांनी हाच फेर वारली चित्रांतून जगभर नेला.

वारली बांधवांकडे घांगळी नावाचे तंतुवाद्यही आहे. बांबूच्या दांडीला दोन भोपळे जोडलेले असतात. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा त्यावर गायली जाते. आपल्या शास्त्रीय वीणेची ठेवण डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे हे नाते ध्यानात येईल. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते, तेही गाणी गाऊन. म्हणजे ज्या समाजात विवाहसंस्काराचा अधिकार एका गाणाऱ्या स्त्रीकडे आहे, त्या समाजातील मुलीला आपण संगीताच्या तासाला 'हिला गाण्यातले काही येत नाही' असे म्हणून मागे उभे करतो!

तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो, तारप्याचा भोपळा पाड्यावरच्या वेलीवर. फळ तेच. एक मैफलीत मखमली गवसणीत येतो, दुसरा झोपडीच्या आढ्याला टांगलेला असतो. मुलांना ही दोन वाद्ये शेजारी ठेवून दाखवली, दोन्हींना हात लावू दिला, तर उच्च-नीच भावनेवर शंभर व्याख्याने देण्याची गरज उरणार नाही.

आज घडते ते निराळे. मोठे पाहुणे आले की तारपा पथक बोलावले जाते. ते फाटकापाशी वाजवते, पाहुणे आत जातात, कार्यक्रम सुरू होतो आणि वादक बाहेर उभा राहतो. विष्णुबुवांच्या गुरूंना जे उत्तर मिळाले, त्यात आणि यात अंतर किती? वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. देशाने ज्या कलेला हा मान दिला, तिच्या वादकाला शाळेत गुरुजी म्हणून वर्गात बोलवावे, आसन द्यावे, योग्य मानधन द्यावे, आणि मुलांनी त्यांना वाकून नमस्कार करावा. त्या वेळी त्यांच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. आपली बोली लपवणारे ते मूल त्या दिवशी वर्गाला तारप्याचे शब्द समजावून सांगत असेल.

ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना दिसत नाही

समावेशक शिक्षणाची चर्चा दिव्यांग मुलांशिवाय अपुरी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य करतो आणि अशा मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा अधिकार देतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने कलाशिक्षणाला अवांतर विषयाच्या कोपऱ्यातून बाहेर काढले आहे. कायदा व धोरण यांनी दार उघडले. वर्गात खुर्ची मांडणे शिक्षकाच्या हाती आहे.

सीमेपलीकडे कर्नाटकातील गदग येथे वीरेश्वर पुण्याश्रम आहे. स्वतः दृष्टिहीन असलेल्या पंचाक्षरी गवई यांनी दृष्टिहीन आणि निराधार मुलांना तेथे अन्न, आसरा आणि संगीतविद्या दिली. त्यांच्यानंतर तितकेच दृष्टिहीन असलेल्या पुट्टराज गवई यांनी हा वारसा चालविला. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. नामवंत गायक बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवयांचेच शिष्य. ज्या गुरुकुलाची दारे उपेक्षित मुलांसाठी उघडली, तेथूनच पहिल्या प्रतीचा कलावंतही घडला.

ऐकू न येणाऱ्या मुलाला संगीताचा काय उपयोग, असे कुणी विचारील. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी हिची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली. ती अनवाणी उभी राहून वाद्यांची कंपने शरीराने टिपते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात तिने तालवादकांचे नेतृत्व केले. सालवडच्या शाळेतील मुलाने जगप्रसिद्ध व्हावे, अशी अपेक्षा नाही. पण ढोलकीच्या अंगावर त्याचा तळहात ठेवून सम कोठे येते हे त्याला समजू दिले आणि त्या समेवर झांज वाजवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले, तर सारा वर्ग त्याच्याकडे पाहत गाईल. ज्याच्याकडे कुणी पाहत नव्हते, त्याच्या हातावर आता सर्वांची नजर आहे. सहवेदना शिकवायची ती आणखी कशी?

याला अभ्यासाचाही आधार आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुले एकत्र गात-वाजवत खेळली, काही मुले तोच खेळ संगीतावाचून खेळली. नंतर अडचणीत आलेल्या सोबत्याला मदत करण्यात आणि मिळून प्रश्न सोडवण्यात पहिल्या गटातील मुले पुढे होती. एका प्रयोगावरून फार मोठे सिद्धांत मांडू नयेत. परंतु भजनी मंडळात बसणाऱ्या कुणालाही हा निष्कर्ष अपरिचित वाटणार नाही. एकत्र गाताना शेजारच्याचा श्वास ऐकावा लागतो. तो ऐकल्यावाचून सूर जुळत नाही.

दर्जाचे काय?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे संगीताचे जाणकारच असतात. सर्वांना सामावून घेतले तर दर्जा राहील काय? संगीत ही तपश्चर्या आहे. तिला गर्दीचा खेळ करावे काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही. रियाजाला पर्याय नाही आणि ज्याच्या अंगी विशेष गुण आहेत त्याला पूर्ण वाव मिळालाच पाहिजे.

याचे उत्तरही विष्णुबुवांनीच देऊन ठेवले आहे. त्यांच्या विद्यालयात सर्वसाधारण विद्यार्थ्यांचे वर्ग होते आणि त्याबरोबर 'उपदेशक वर्ग'ही होता. उपदेशक वर्गातील निवडक शिष्य वर्षानुवर्षे गुरुगृही राहत, कठोर साधना करत. त्यांतूनच ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यासारखे दिग्गज निर्माण झाले. सर्वांसाठी एक मांडव आणि साधकांसाठी एक गाभारा, अशी ही रचना होती. शाळेचा संगीताचा तास हा मांडव आहे. तेथे गाभाऱ्याचे नियम लावले, तर मांडव ओस पडतो आणि गाभाऱ्यालाही साधक मिळत नाहीत. रसिक कोठून येतील, हा प्रश्न तर वेगळाच.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. गणित-विज्ञान सोडून गाण्यात वेळ का घालवायचा? येथील पालक पाळीवर राबतात, मुलाने शिकून मोठे व्हावे म्हणून पोटाला चिमटा घेतात. त्यांची ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु ज्या मुलाला शाळा आपली वाटत नाही, ते गणिताच्या तासालाही मनाने बाहेरच असते आणि एक दिवस शरीरानेही यायचे थांबते. पाड्यावरील आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची गळती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शाळेत आपली वाट पाहिली जाते, झांज वाजवायला आपण नसलो तर गाणे अडते, ही जाणीव मुलाला सकाळी शाळेच्या रस्त्याला लावते.

उद्यापासून काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. संगीत शिक्षक नसेल तरी वर्गशिक्षक आरंभ करू शकतात.

तासाचा प्रारंभ ऐकण्याने करावा. मुलांना एक मिनिट डोळे मिटून शांत बसू द्यावे आणि कोणते आवाज आले ते विचारावे. कारखान्याचा भोंगा, गाडीची शिटी, कावळा, दूरचा हातोडा; प्रत्येकाने वेगळे काही ऐकलेले असते. ज्याला कमी दिसते, त्याने सर्वाधिक ऐकलेले असते. त्या दिवशी तो वर्गात पहिला येतो.

महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या घरचे एक गाणे वर्गात यावे. आजीची जात्यावरची ओवी, कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमेचे गाणे, छठपूजेचे भोजपुरी गीत, गरब्याची चाल, ओडिया अंगाई. ज्याचे गाणे, तोच त्या दिवशी शिक्षक. इतरांनी त्याचे शब्द त्याच्या उच्चारांत म्हणायचे. मराठी मुलाची जीभ भोजपुरी शब्दावर अडखळली, की आपल्या शेजाऱ्याची जीभ रोज 'ळ' वर का अडखळते हे त्याला न सांगता कळते. यात मराठीची हानी नाही. ज्याच्या आईच्या गाण्याला वर्गाने मान दिला, तो मराठी अधिक प्रेमाने शिकतो. निवड मात्र विचारपूर्वक व्हावी. एखाद्या मुलाला बाहेर उभे राहावे लागेल असे गाणे समूहासाठी नको.

साधने घरचीच असावीत. थाळी, टाळ, चमचे, डब्यात घातलेले तांदूळ. पेटी आणि तबला मिळाला तर उत्तमच. प्रत्येक गाण्यात सोप्या आणि अवघड अशा दोन्ही जागा ठेवाव्यात. ज्याला एकच ठोका जमतो, त्याने तो एकच ठोका द्यावा, पण तो नेमका समेवरचा असावा. दयेपोटी दिलेले काम मुलाला ताबडतोब ओळखू येते. त्याच्यावाचून अडेल असेच काम त्याला द्यावे.

आणि स्नेहसंमेलनात किमान एक गाणे असे असावे, की ज्यात वर्गातील प्रत्येक मूल आहे आणि कुणीही नुसते ओठ हलवत नाही. ते कदाचित थोडे बेसूर होईल. पालकांनी ते मनापासून ऐकावे. आपल्या पाल्याला पुढच्या रांगेत उभे करण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी तर विशेष लक्ष देऊन ऐकावे. पुढे उभे असलेले मूलही मागच्या रांगेचा आवाज ऐकायला शिकले नाही, तर त्याचे शिक्षण अपुरेच राहिले असे समजावे.

कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. आपण पाड्यांवर जातो, वस्त्यांत जातो, पुस्तके देतो, औषधे देतो. हे कार्य मोलाचे आहे. परंतु देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहिला, तर नाते जुळत नाही. पुढच्या वेळी पाड्यावर जाताना शिकायला जावे. तारप्याची एखादी चाल शिकावी, फेरात कुणाच्या तरी कमरेला हात घालून चार पावले टाकावीत, चुकावे, हसू व्हावे आणि पुन्हा पाऊल उचलावे. ज्यांना आपण शिकवायला निघालो होतो, त्यांच्याकडून शिकताना जो आपलेपणा निर्माण होतो, तो कोणत्याही वाटपाने होत नाही.

भोपळा वेलीवरून उतरवल्याबरोबर वाजत नाही. तो वाळवावा लागतो, आतला गर काढून पोकळ करावा लागतो. तेव्हा कुठे त्यात स्वर घुमतो. तारप्याचा भोपळा असो की तानपुऱ्याचा, नियम तोच. आपल्या भाषेचा, जातीचा, शिक्षणाचा आणि सुस्थितीचा गर्व थोडा काढून ठेवला, तर शेजारच्याचा सूर आपल्यातही घुमू लागेल. सालवडच्या शाळांतून येत्या वर्षी याचा आरंभ व्हावा. मागच्या रांगेतली मुले वाट पाहत आहेत.